हिरवीवरचा अन्याय

"तिसरी आली हिरवी! आणि पाठवलं कुणाला? चौथीला! जांभळीला! अरे, ही निवड समिती आहे की चोरबाजार?"

सकाळची वेळ. आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून ही आरोळी आली आणि तिच्या धक्क्याने गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट खाडीपलीकडे जाऊन बसली. वॉचमनने घाबरून गेट उघडलं आणि मग आणखी घाबरून बंद केलं. तळमजल्यावरच्या रेगेबाई दोरीवरच्या साड्या मोजायला धावल्या, कारण त्यांची एक साडी हिरवी होती आणि एक जांभळी. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका सद्गृहस्थांना चार मुली आहेत. ते तोंडात टूथब्रश तसाच ठेवून गॅलरीत आले आणि "कोण बोललं रे? समोर ये!" असं फेसाळत ओरडू लागले.

मी मात्र निवांत चहा पीत होतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मला आतली माहिती असते. मला ठाऊक होतं की हिरवी आणि जांभळी या दोघी सातासमुद्रापार राहतात, बर्फावर नाचतात, आणि डोंबिवली पूर्व कुठे आहे याची दोघींपैकी एकीलाही कल्पना नाही. ओरडणाऱ्या माणसाला मात्र त्यांच्या गुडघ्यांची दुखणीसुद्धा पाठ होती.

तो माणूस म्हणजे आमचे मापुस्करकाका.

आडनाव मापुस्कर आणि उभी नोकरी वजनमापे खात्यात. आडनाव बघून नोकरी मिळाली की नोकरी बघून आडनाव घेतलं, यावर आमच्याकडे आजही दोन तट आहेत. काका निरीक्षक होते. कल्याणच्या घाऊक बाजारात त्यांचा असा दरारा होता, की काका पुलावरून उतरताना दिसले की तराजूखाली चिकटवलेली लोहचुंबकं आपोआप गळून पडायची. एकदा म्हणे ते नुसते शिंकले, तर विठ्ठलवाडीपर्यंतच्या सगळ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकांना एक-एक बटाटा जास्त घातला. हे मला खुद्द काकांनी सांगितलेलं नाही. ते असं काही बोलत नाहीत. हे मीच सांगत असतो.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं : "आधी काटा शून्यावर आणा."

म्हणजे असं, की पारडं रिकामं असताना काटा बरोब्बर शून्यावर हवा. तो आधीच एका बाजूला कललेला असेल तर पुढचं सगळं वजन खोटं. बाजारात हे ठीक आहे. पण काका हे सगळीकडे म्हणतात. नळाच्या गळतीवरून दोन घरांत जुंपली की काका मधे जाऊन उभे राहणार. "आधी काटा शून्यावर आणा! दोघींनी एक-एक ग्लास पाणी प्या, मग भांडा." डॉक्टर ब्लडप्रेशर बघायला लागले की तेच. आमच्या पुतण्याचा जन्म झाला तेव्हा नर्स त्याला वजनाच्या ट्रेमध्ये ठेवणार, इतक्यात काकांनी दारातून हाक दिली आणि ते बाळ जगात आल्यावर पहिली काही मिनिटं काटा शून्यावर यायची वाट बघत हवेत लोंबकळत राहिलं. अजूनही तो मुलगा कुठल्याच रांगेत घाई करत नाही.

बर्फाशी काकांचा संबंध दोनच ठिकाणी आलेला. गोळ्याची गाडी आणि पापलेट. मग हे बर्फावरच्या नाचाचं वेड कुठून आलं? तर केबलवाल्याच्या चुकीतून. निवृत्तीनंतर काकांनी बातम्यांचं पॅकेज मागितलं आणि त्याने भलतंच, परदेशी खेळांचं लावून दिलं. काका तक्रार करायला फोन उचलणार, तेवढ्यात पडद्यावर एक मुलगी भिंगरीसारखी फिरली, थांबली, आणि खाली तिचे गुण आले. पूर्णांक, टिंब, आणि टिंबापुढे दोन आकडे.

काकांच्या हातातला फोन तसाच राहिला. "दोन दशांश!" ते पुटपुटले. "शालिनी, अगं बाहेर ये. माणसाच्या गिरकीचं माप काढतात ही मंडळी. दोन दशांशापर्यंत!"

आयुष्यभर ज्यांनी अर्ध्या किलोत पन्नास ग्रॅम मारणारी माणसं पाहिली, त्यांना हा स्वर्ग वाटला. त्या दिवसापासून काका उभे राहून स्केटिंग बघतात. उडी नीट उतरली की टाळ्या वाजवतात. घरात, एकटे, गंजीफ्रॉकवर. टाळ्या अशा खणखणीत, की खालच्या मजल्यावर आरती सुरू झाली समजून एकदा लोक प्रसादाला वर आले होते. नावं त्यांना उच्चारता येत नाहीत, म्हणून पोशाखाच्या रंगावरून ओळखायचं. हिरवी, जांभळी, मोरपंखी, आणि एक रडकी.

आणि मग त्या स्वर्गातच त्यांना लोहचुंबक सापडलं.

चार वर्षांनी एकदा येणाऱ्या ऑलिंपिकसाठी त्या देशाच्या तीन मुली जायच्या होत्या. त्याआधी त्यांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. हिरवी तिसरी आली, जांभळी पडली आणि चौथी आली. आता तिसरी जागा हिरवीची, हे पोरालाही कळेल. पण तिथे निवड समिती नावाचा प्रकार असतो. समिती म्हणाली, आम्ही एका दिवसाचे गुण बघत नाही, वर्षभराची एकंदर कामगिरी बघतो. आणि हिरवीला घरी बसवून जांभळीला पाठवलं.

ही बातमी काकांना ज्या सकाळी कळली, त्या सकाळची आरोळी तुम्ही वर ऐकलीच.

"अरे सेक्रेटरी," ते मला म्हणाले, "एकंदर कामगिरी म्हणजे काय? उद्या वाणी म्हणेल, आज किलोत शंभर ग्रॅम कमी दिलं, पण माझी वर्षभराची कामगिरी बघा! चालेल?"

"नाही चालणार, काका."

"तिसरी ती तिसरीच! मग ती कुणी का असेना!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

निषेध म्हणून काकांनी सोसायटीच्या गेटवर साखळी उपोषण केलं. साखळीत एकटेच होते आणि उपोषण नाश्ता ते दुपारचं जेवण एवढंच होतं, पण निष्ठा पूर्ण. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, पाण्यासाठी का?" काका सांगायचे, "हिरवीसाठी." लोक मान डोलावून पुढे जायचे. डोंबिवलीत झाडांसाठी उपोषण करणारेही असतात, त्यामुळे कुणी फार खोलात गेलं नाही.

या सगळ्यात शालिनीकाकू कुठे होत्या? घरातच. काकांच्या घरात मोजायचं काम काका करतात आणि मोजकं बोलायचं काम काकू. काका टीव्हीसमोर टाळ्या वाजवत असताना त्या मागून यायच्या, केर काढायच्या, काकांच्या पायाखालचा केर काढायला "पाय" एवढंच म्हणायच्या, आणि जायच्या.

काकूंबद्दल मला एवढंच माहीत होतं, की दोनेक वर्षांपूर्वी त्या ओल्या पॅसेजमध्ये घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. तेव्हा काकूंची वेणी काका घालायचे. मी पाहिलंय. काकू गॅलरीत पाटावर बसलेल्या, मागे काका चष्मा कपाळावर चढवून तीन पेड हातात तोलतायत. डावा पेड जड वाटला की पुन्हा सोडायचे. "काटा शून्यावर नाही आला," म्हणायचे आणि पुन्हा विंचरायला घ्यायचे. वेणी होईपर्यंत दुपार व्हायची. पण अशी वेणी, की तिच्यावर सरकारी शिक्का मारावा.

आता मूळ भानगडीकडे येतो.

आमच्याकडे पाडव्याला शोभायात्रा निघते हे तुम्हाला माहीत असेलच. पूर्वी नऊवारी नेसून, फेटा बांधून, बुलेटवर बसलेली बाई दिसली की लोक तोंडात बोट घालायचे. आता बुलेटवर बसलेली बाई ही इतकी सामान्य गोष्ट झालीय की लोक तिला हॉर्न देतात. तेव्हा यात्रेच्या मंडळींनी यंदा नवं काढलं. साठीपुढच्या महिलांचं स्केटिंग पथक! प्रत्येक सोसायटीतून तिघी. नऊवारी, फेटा, पायात चाकं, हातात गुढी.

मला वाटलं, कोण येणार? पण आमच्या सोसायटीत म्हातारपण हा प्रकारच रुजत नाही. वर्षभर आमच्या पार्किंगमध्ये अमेय सर नावाचा एक तरुण लहान मुलांना स्केटिंग शिकवतो. मुलांना आणायला येणाऱ्या आज्यांनी बघता-बघता चाकं चढवली होती. भोईरवहिनी, ज्यांच्या सासऱ्यांच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे. रेगेबाई, त्याच त्या साड्यांच्या. आणि साळवे मॅडम, मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. साळवे मॅडम चाकांवर अशा सरकायच्या, की डोक्यावर पाण्याचा पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. वर्षभर त्याच सगळ्यात पुढे. तिघी उमेदवार, तीन जागा. निवड चाचणीची गरजच नव्हती.

पण शेवटच्या दिवशी वॉचमन माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आला. चौथं नाव. सौ. शालिनी मापुस्कर.

मी चिठ्ठी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. काकू? मग हळूहळू कळलं. काकू गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा ठाण्याला, वर्तकनगरला, बहिणीकडे जात होत्या. बहिणीच्या सोसायटीतही स्केटिंगचा क्लास आहे. काकू पिशवीत हेल्मेट, गुडघ्याची पॅडं आणि स्केट्स भरून काकांच्या डोळ्यांसमोरून जायच्या. एकदा पिशवीतून चाकं बाहेर आलेली काकांना दिसली होती.

"बहिणीकडे चाकं कशाला?" टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"तिच्या पलंगाला लावायचीत," काकू म्हणाल्या.

"बरोबर माप घे," काका म्हणाले.

संपलं. हेल्मेट दिसलं तेव्हा काकांना ते नवं पातेलं वाटलं होतं.

आता चार उमेदवार, तीन जागा. समिती नेमली : अमेय सर, मी आणि अध्यक्ष म्हणून मापुस्करकाका. त्यांच्या नावाला एकाचाही विरोध नव्हता. जो माणूस पाच ग्रॅमसाठी सख्ख्या मेहुण्याचा तराजू जप्त करतो, तो पक्षपात काय करणार? चौथं नाव मात्र मी त्यांना सांगितलं नाही. का? मजा बघायची होती. दुसरं काय!

चाचणीच्या सकाळी पार्किंगमधल्या गाड्या हलवल्या. देशपांड्यांची स्कूटर तेवढी राहिली, कारण देशपांडे नागपूरला आणि चावी त्यांच्या खिशात. काकांनी खडूने वर्तुळ आखलं. प्रत्येकीची चाकं फिरवून पाहिली, हेल्मेटवर टिचकी मारून आवाज ऐकला.

"ओ काका," भोईरवहिनी म्हणाल्या, "मना तराजूत पन बसवता काय आता?"

"गरज पडली तर तेही करू," काका गंभीरपणे म्हणाले. "काटा शून्यावर. सुरू!"

भोईरवहिनी सुटल्या त्या वादळासारख्या. पंप हाउसला वळसा घालून आल्या तेव्हा वॉचमनची टोपी आणि दोन वाळत घातलेले टॉवेल त्यांच्या अंगावर होते, पण तोल ढळला नव्हता. रेगेबाई हळू, पण ठसक्यात. मग साळवे मॅडम. अहाहा! वळण आलं, आणि देव जाणे काय झालं, कुठलं तरी मांजर मधे आलं, मॅडमचा पाय सटकला आणि त्या थेट जाऊन देशपांड्यांच्या स्कूटरवर बसल्या. रीतसर. आरशात बघत. लागलं काही नाही, पण पडणं ते पडणंच.

"पुढचं नाव?" काका कागदावर वाकून म्हणाले.

लिफ्टचं दार उघडलं.

हिरवी नऊवारी, डोक्यावर हेल्मेट, कपाळावर चंद्रकोर. इथे साळवे मॅडमची साडी जांभळी होती असं सांगितलं तर गोष्ट आणखी रंगेल, पण मी खोटं बोलत नाही. ती मोतिया होती. काकूंची मात्र हिरवीगार. त्या माझ्यासमोरून, अमेयसमोरून, काकांसमोरून सरळ वर्तुळात गेल्या.

काकांनी चष्मा काढला. पुसला. घातला. मग परत काढला.

काकू फार वेगात नव्हत्या. पण अशा सावकाश, मन लावून फिरल्या की जणू देवाला प्रदक्षिणा. आणि शेवटी, वर्तुळाच्या मधोमध येऊन, एका पायावर, त्यांनी एक गिरकी घेतली. हिरवीची गिरकी! तीच ती. काका दर वेळी उभं राहून जिला टाळ्या देतात ती. थांबताना त्या किंचित डगमगल्या, आणि काकांच्या हातातली पेन्सिल कट्‌कन मोडली.

आम्ही तिघांनी गुण दिले. काकांनीही दिले आणि अगदी योग्य दिले, कारण आकड्यात खोटं बोलणं त्या माणसाच्या बोटांना येतच नाही. बेरीज झाली. भोईरवहिनी पहिल्या. रेगेबाई दुसऱ्या. काकू तिसऱ्या. साळवे मॅडम चौथ्या.

काका निकाल वाचायला उभे राहिले. सगळी सोसायटी गोळा झालेली.

"पहिली जागा, भोईर. दुसरी जागा, रेगे. आणि तिसरी जागा..." काकांनी घसा खाकरला. "तिसरी जागा, समितीने वर्षभराची एकंदर कामगिरी लक्षात घेऊन... साळवे मॅडम."

काय शांतता पसरली म्हणून सांगू! पंपसुद्धा बंद पडला. मी समितीचा सभासद होतो आणि मलाही ही बातमीच होती.

"अहो," काकू म्हणाल्या. "तिसरी कोण आली?"

"तू."

"मग?"

"समितीला तसा अधिकार असतो," काका आपल्या चपलांकडे बघत म्हणाले.

आणि मग ज्या बाईचा आवाज आम्ही "पाय" या एका शब्दापलीकडे कधी ऐकला नव्हता, तिने जो आवाज काढला, त्याने राहिलेली कबुतरंही खाडीपार गेली.

"काटा शून्यावर आणा! ऐकलंत? आधी काटा शून्यावर आणा!"

आणि त्या चाकांवरच लिफ्टमध्ये गेल्या.

पुढचा आठवडा सोसायटीत सुतकासारखा गेला. काकूंनी स्वयंपाकाचं उपोषण पुकारलं. काका पोळीभाजी केंद्रातून डबा आणायला लागले, आणि पोळ्यांचं वजन कमी भरतंय असं दिसूनही गप्प बसले, यावरून त्यांची अवस्था ओळखा. आणि रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून आरोळी यायची. पण आता काकूंच्या आवाजात.

"तिसरी आली हिरवी! आणि पाठवलं कुणाला?"

समोरचे चार मुलींचे बाप पुन्हा ब्रश घेऊन बाहेर. त्यांचं त्या आठवड्यात एकदाही नीट चूळ भरून झालं नाही.

एका संध्याकाळी काका मला गच्चीत सापडले. टाकीला टेकून बसले होते.

"काका," मी म्हटलं, "तुम्हीच ना म्हणाला होतात, तिसरी ती तिसरीच, मग कुणी का असेना?"

"म्हणालो होतो."

"मग?"

काकांनी बाजूला सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाले, "अरे सेक्रेटरी, तिथे बर्फ असतो. हिरवी पडली की घसरत लांब जाते. मार वाटला जातो. आपला रस्ता डांबरी. ही पडली, तर जिथे पडेल तिथेच राहील."

बोलता-बोलता त्यांची बोटं हवेत हलत होती. एकावर एक, एकावर एक. आधी मला कळेना. मग कळलं. तीन पेड.

मी गच्चीतून खाली आलो आणि तडक विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. माझ्या कारकिर्दीत लोक स्वतःहून आलेली ही एकमेव सभा. बसायला जागा नव्हती, लोक देशपांड्यांच्या स्कूटरवर बसले होते. मी आपलं नियम, उपनियम, पोटनियम असं काहीतरी घोळवत होतो, तेवढ्यात साळवे मॅडम उठल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि त्या स्वरावर आम्ही सगळे नकळत पेशंटसारखे ताठ झालो. "वर्षभर मी छान केलं असेल. पण त्या दिवशी मी पडले. पडले म्हणजे पडले. चौथी आले. मापुस्कर, तुमची भीती मला कळते. चाळीस वर्षं वॉर्डाबाहेर उभे असलेले नवरे बघितलेत मी. पण तुमच्या भीतीच्या खांद्यावर बसून मला यात्रेत फडके रोडवर जायचं नाही. पुढच्या वर्षी येईन मी. पहिली येईन."

"ह्या बघा, येतीलच त्या," भोईरवहिनी म्हणाल्या. "आता म्हातारीला जाव द्या."

"म्हातारी कुणाला म्हणतेस?" काकू म्हणाल्या. आठवड्यात त्यांनी आरोळीशिवाय उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

काकांनी तिथल्या तिथे समितीचा राजीनामा दिला. कुणी अडवलं नाही. मला वाटलं, झालं, मिटलं.

पाडव्याची सकाळ. फडके रोड माणसांनी फुललेला. ढोल, ताशे, लेझीम, रांगोळ्या. आमच्या तिघी रांगेत उभ्या. भोईरवहिनी, रेगेबाई, आणि हिरव्या नऊवारीत, डोक्यावर फेटा आणि हातात गुढी घेतलेल्या काकू. आता निघणार, इतक्यात गर्दीतून वाट काढत मापुस्करकाका आले. सिल्कचा कुडता, कपाळाला गंध, आणि दोन्ही हातांत, छातीशी कवटाळलेली एक उशी.

साधीसुधी नव्हे. घरची, सावरीच्या कापसाची, भली दांडगी. अभ्र्यावर काकूंनी कधीकाळी भरलेलं गुलाबाचं फूल आणि खाली रेशमाने 'शुभ रात्री'.

"हे काय?" मी विचारलं.

"डावीकडे तोल जातो तिचा," काका म्हणाले. "किंचित. पण जातो."

पथक निघालं. काकू पुढे सरकतायत आणि त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, काका उशी पुढे धरून पळतायत. काकू जरा कलल्या की उशी तिकडे. सरळ झाल्या की उशी सरळ. मधे एक दमलेला ढोलवाला बसायला जागा शोधत होता, तो या उशीवर टेकणार होता. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उभ्यानेच पुढचा चौक वाजवत गेला. मंचावरच्या निवेदकाला काही कळेना. पण निवेदक गप्प बसला तर तो निवेदक कसला! "आणि आता येत आहे एक आगळावेगळा चित्ररथ," तो माइकवर गरजला. "विषय : झोपेचे महत्त्व!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मंचासमोर आल्यावर काकू थांबल्या. भोईरवहिनी आणि रेगेबाई दोन बाजूंना झाल्या. काकूंनी गुढी उंच धरली, एक पाय उचलला आणि गिरकी घेतली. पूर्ण. हिरवा पदर, फेट्याचा तुरा, गुढीचा गडू, सगळं एकदा गर्रकन फिरून परत जागेवर आलं. काटा शून्यावर! अख्खा फडके रोड ओरडला. साळवे मॅडम बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होत्या. लेझीमवाल्यांनी लेझीम हवेत फेकले, त्यातले काही मला वाटतं कल्याणलाच खाली आले. इतक्या माणसांत टाळी वाजवली नाही अशी एकच व्यक्ती मला दिसली. काका उशी धरून, गुडघ्यात वाकून, श्वास रोखून तसेच उभे होते.

दुपारी मी मापुस्करांकडे श्रीखंड खायला गेलो. काका आरामखुर्चीत उशी मांडीवर घेऊन गाढ झोपले होते. टीव्ही चालू होता. कुठलीशी जांभळी उडी मारत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"काकू," मी हळूच विचारलं, "या वयात हे चाकांचं कसं काय सुचलं तुम्हाला?"

काकू माझ्या वाटीत श्रीखंड वाढत होत्या.

"इतकी वर्षं हे त्या पोरींसाठी उभं राहून टाळ्या वाजवतायत," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एकदा आपल्यासाठी वाजवतायत का बघावं."

"मग? वाजवल्या?"

काकूंनी पातेल्याला चिकटलेलं श्रीखंड निपटून काढलं, माझ्या वाटीत टाकलं आणि झाकण लावलं.

"कशा वाजवणार?" त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांत उशी होती."